एकेचाळीस शुभेच्छा

लाँड्रीतल्या बॉयलरवर उभा जन्म काढलेल्या त्या माणसाला सगळे वाफेकाका म्हणत. त्यांना अक्षरओळख झाली ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, सुनेच्या हाताखाली. मग कंपनीने फर्मान काढलं, यंत्रांबद्दल काही कळवायचं तर तोंडी नाही, ईमेलनेच. सुनेने सराव म्हणून पहिला ईमेल लिहून घेतला. त्या दिवशी मॅनेजरबाईंचा वाढदिवस होता. विषयाच्या रकान्यात तिनेच लिहून दिलं, 'वाढदिवसाच्या शुभेच्छा'.

पुढे काकांनी सोपी वाट शोधली. तोच जुना ईमेल उघडायचा, 'उत्तर द्या' दाबायचं आणि खाली मजकूर लिहायचा. खालच्या ऐसपैस जागेत लिहायला त्यांची ना नव्हती. पण नव्या ईमेलवरचा तो अरुंद, रिकामा रकाना बघितला की ते तो ईमेल तसाच बंद करायचे. बाई तीच ओळ आधी वाचणार, चुकलं तर ऑफिसभर हसं होणार.

गेल्या सोमवारी ड्रायरच्या दाराची कडी निसटली आणि तापलेलं दार इस्त्रीवाल्या मावशींच्या हातावर आदळलं. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं. मोठ्या ऑफिसातून साहेब चौकशीला आले, तेव्हा काका सगळ्यांदेखत कडाडले, "तीनदा लिहून कळवलंय मी! बाईंना वाचायला सवड नसेल तर आम्ही काय डोकं फोडून घ्यायचं?"

साहेबांनी ते लिहून घेतलं.

साहेब गेल्यावर त्यांनी काकांना खोलीत बोलावलं आणि संगणकाचा स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला. एकाखाली एक ओळी. वाढदिवसाच्या शुभेच्छा. वाढदिवसाच्या शुभेच्छा. खालपर्यंत तेच.

"एकेचाळीस आहेत," बाई म्हणाल्या. "सुरुवातीचे उघडले. 'वाफेचा दाब बरोबर आहे' एवढंच असायचं. मग नाही उघडले. उघडायला हवे होते."

काकांनी त्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या. "हे साहेबांना का नाही दाखवलंत?"

"सगळ्यांसमोर? तुमचं हसं करायला?" बाईंनी स्क्रीन परत आपल्याकडे वळवला. "उद्या दुपारी निकाल आहे. बहुतेक मला घरी बसवतील. जा तुम्ही, बॉयलर बघा."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. रात्रभर काकांना स्वतःचाच आवाज ऐकू येत राहिला.

सकाळी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सुनेला सगळं सांगितलं. तिला आधी हसू फुटलं. "एकेचाळीस, बाबा?" मग सासऱ्यांचा चेहरा बघून तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला.

काकांनी साहेबांसाठी नवा ईमेल उघडला. विषयात लिहिलं, 'नमस्कार'.

"नमस्कार सगळेच करतात. साहेब उघडतील कशाला?"

ते पुसून लिहिलं, 'विनंती'.

"कसली?"

'झालेल्या प्रकाराबाबत.'

"कसला प्रकार? कोणाकडून झाला? बाबा, तुम्ही दार लावून आत बसताय."

"मग तूच लिही ना!"

"मागच्या वेळी मीच लिहिलं होतं," ती म्हणाली आणि पाठ फिरवून कप विसळू लागली.

मग काकांनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं, 'ड्रायरच्या कडीची तक्रार बाईंपर्यंत पोचली नाही, चूक माझी.'

"लांब झालं का गं?"

"काय काढाल त्यातलं?"

बोट शेवटच्या दोन शब्दांवर जाऊन थांबलं. ते काढले असते तरी साहेबांना काय झालं ते कळलं असतं. त्यांनी ते दोन शब्द शेवटून काढले आणि अगदी सुरुवातीला आणून ठेवले. खाली सगळी हकिकत लिहिली आणि ईमेल पाठवून दिला.

चपला घालेपर्यंत उत्तर आलं, 'वाचलं. दुपारी तुम्हीही हजर राहा.'

काका कामावर जाण्याआधी मावशींच्या घराकडे वळले. मावशींना वाचता येत नव्हतं. ती ओळ त्यांना तोंडानेच सांगावी लागणार होती. वाटभर ते ती पुटपुटत गेले.

मावशींनी डाव्या हाताने दार उघडलं. उजवा पट्टीत गुंडाळलेला. "अगोबाई, काका! या की आत."

काका उंबऱ्याबाहेरच थांबले. मान वर होईना.

"मावशी," ते म्हणाले, "चूक माझी."