गाडीच्या पोटाखालचा पत्रा

जीपच्या इंजिनाखालचा तेलाचा चेंबर दुसऱ्यांदा फुटला, तेव्हा खांदजावला घोर लागला तो जीपचा नव्हे, मुलाचा.

थोरला कधीच कोरियाला गेला होता. तिथे कारखान्यात दरवाजांच्या बिजागऱ्या ठोकायचा आणि फोनवर आईला बर्फ दाखवायचा, जसं काही इथल्या, दारीगंगाच्या माळावरच्या माणसांनी बर्फ पाहिलेलाच नाही. उरला होता धाकटा, बाद्राल. त्याचाही जीव तिकडेच ओढ घेई, पण त्याने आईला शब्द दिला होता, जीप चालतेय तोवर मी इथून हलत नाही.

जीप जुनी, जपानी, खांदजावच्या नवऱ्याच्या मागे उरलेली. शिलीन बोग्दच्या शिखरावरून सूर्योदय पाहिला की पुरुषाचं नशीब उघडतं म्हणून शहरातले पुरुष लोटायचे, आणि बाद्राल त्यांना पायथ्यापर्यंत पोचवायचा. बायांना शिखरावर मज्जाव. "आमचं नशीब खालीच, वाळलं शेण वेचण्यात," असं खांदजाव त्या पाहुण्यांना चहा ओतता ओतता ऐकवायची, आणि ते बिचारे खारा चहा मुकाट पीत. पण घर चालत होतं ते त्यांच्यावरच. वाट सगळी काळ्या दगडांची, आणि दगड गवतात दबा धरून बसलेले. एकाने खालून टोला हाणला की चेंबर फुटून तेलाची धार लागलीच.

"तिसऱ्यांदा फुटला तर विकून टाकणार," बाद्राल म्हणाला. "मग तू बोलायचं नाहीस."

"मेल्यावर नाही बोलणार. तोवर चेंबरखाली पत्रा ठोकून घे."

पत्रा ठोकायचा तर झुंदुईकडे. झुंदुई तिचा धाकटा दीर. सासऱ्याचं घर चांदीकाम करणाऱ्यांचं. या घरच्या वाट्या नवऱ्या मुलींच्या हातात जायच्या. आता चांदीच्या वाट्या कोण मागतो? झुंदुई लोकांच्या कुंपणांची फाटकं वेल्ड करून देई, मोटारसायकलींचे स्टँड जोडी, आणि दोन घोट पोटात गेले की बापाच्या वाट्यांच्या गोष्टी सांगत बसे.

बाद्रालने बारून-उर्तच्या बाजारातून एक जाड पांढरी प्लॅस्टिकची फळी आणि एक ॲल्युमिनियमचा पत्रा आणला होता. दोन्ही त्याने झुंदुईच्या अंगणात मांडले.

"ही काय, मटण कापायची फळी?" खांदजावने प्लॅस्टिकला पायाने ढोसलं.

"दगडावरून साबणासारखी सरकते, आई. आणि हलकी."

"आणि वर सायलेन्सरची नळी तापली की?" झुंदुई म्हणाला. "लोंबेल बाबा ती. म्हाताऱ्या गाईच्या सडांसारखी."

"मग ॲल्युमिनियम घ्या. वजन नाही, गंज नाही."

खांदजावने त्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं. "किटलीचा पत्रा. दगडावर बसला की पोचा पडून तिथंच रुतेल, आणि पाहुणे खाली उतरून ढकलतील. पोचा ठोकून काढायला जाशील तर तडकेल. त्यापेक्षा ते बघ." तिने कुंपणाकडे बोट केलं. रशियन फौजेने मागे टाकलेली तेलाची टाकी तिथे आडवी पडून होती, तिच्या लग्नाच्याही आधीपासून. "ते लोखंड आहे. वाकलं तर हातोडीने सरळ होतं. दगडाचीच धार जाईल."

"जड आहे, आई. पेट्रोल किती पिईल."

"पिऊ दे. तुझा काकाही पितो, त्याला आपण पोसतोच ना."

झुंदुई हसला, कारण वहिनीपुढे दुसरं काही करता येत नसे. लोखंडाच्या बाबतीत मात्र तिचं खरंच होतं, आणि बाद्रालही ते जाणून होता. तासभर हुज्जत घालून त्याने हात टेकले.

"बरं, लोखंड. पण काका, त्याला भोकं पाडा. मागची बाजू मोकळी ठेवा. गवत आत जाऊन बसतं. काठी घालून काढता आलं पाहिजे."

"भोकं?" खांदजाव म्हणाली.

"वर नळी तापलेली असते, आई. शरदातलं गवत म्हणजे काडेपेटी."

"या घरातून भोक पडलेली वस्तू आजवर बाहेर गेलेली नाही. कडा उडालेल्या वाटीत आम्ही वाटसरूलाही चहा देत नाही, आणि माझ्या गाडीच्या पोटाला मी चाळण बांधू? भोक म्हणजे दगडाला आत यायला वाट."

"सगळ्या गाड्यांना असतात."

"सगळ्या गाड्या सगळ्यांच्या आहेत."

बाद्रालने काकाकडे पाहिलं. काका टाकीवरून हात फिरवत होता. कितीतरी दिवसांनी त्याला कुणी भंगार जोडायला नव्हे, काहीतरी घडवायला सांगत होतं. भोकं पाडायला त्याचाही हात धजत नव्हता, हे चेहऱ्यावर दिसत होतं. बाद्रालने प्लॅस्टिकची फळी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "बरं. तुझ्या मनासारखं होऊ दे."

आपण जिंकलो, असं खांदजावला वाटलं.

झुंदुईने जीव ओतला. लोखंड तापवून, ठोकून त्याने पत्र्याच्या चारी कडा वर वळवल्या, कुठे सांधा दिसेना की खरखर लागेना. शेजारीपाजारी बघायला आले. "ही तर परातच झाली," कुणी म्हणालं, आणि खांदजावने ते कौतुक म्हणून घेतलं. जाड बोल्टांनी परात जीपखाली बसली. ती उतरवायची म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. नवरा जिवंत असताना प्रत्येक मुक्कामी गाडीखाली आडवा होऊन वाकड्या तारेने गवत ओढून काढायचा. आता तार जायला जागाच नव्हती. खांदजावने बाद्रालला बजावलं, "दर खेपेनंतर उतरवून झाडत जा." तो "हं" म्हणाला.

आणि पत्र्याने काम केलं. दगड खालून आदळायचे, मोठा ठणका व्हायचा, आणि जीप पुढे निघून जायची. चेंबरला ओरखडा नाही. बाद्राल घरी आला की खांदजाव विचारायची, "आज किती ठणके?" तो सांगायचा, आणि तिला त्या रात्री झोप लागायची. एक उन्हाळा गेला. गवत पिवळं झालं.

मग वाऱ्याच्या एका दुपारी माळावर धूर दिसला. सगळी वस्ती ओली घोंगडी घेऊन धावली. पोरीबाळींनीसुद्धा आग झोडपली. नशीब की वाटेपलीकडे दगडांचा पट्टा होता. आग तिथे अडली, नाहीतर झुंदुईचा हिवाळ्याचा चारा गेलाच होता. शहरातले दोघे पाहुणे काजळलेल्या तोंडांनी एकमेकांना धरून बसले होते. त्यांना खरचटलंही नव्हतं. जीप मात्र जळून कोळसा झाली होती.

आग थंडावल्यावर खांदजाव चालत गेली. झुंदुईने पहारीने जळका सांगाडा उचलून धरला, आत वाकून पाहिलं, आणि आवाजातला अभिमान त्याला लपवता आला नाही.

"पत्र्याला काही झालेलं नाही, वहिनी."

"तुझ्या तोंडालाही काही झालेलं नाही," ती म्हणाली. "बंद ठेव."

परातीत काठोकाठ गवताची राख होती. दाबून दाबून भरल्यासारखी, नळीला टेकलेली. एका खेपेची ती नव्हे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"किती वेळा उतरवलास?" तिने बाद्रालला विचारलं.

"एकदाही नाही."

"मी सांगितलं होतं."

"मीही सांगितलं होतं."

"एकदा सांगितलंस. एकदा. ॲल्युमिनियमसाठी तासभर घसा फोडत होतास. भोकांच्या वेळी मूग गिळून बसलास."

बाद्राल तिच्याकडे पाहत राहिला. भुवया जळून गेल्यामुळे त्याचा चेहरा लहानपणीसारखा उघडा दिसत होता. "हो," तो म्हणाला. "एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगावंसं वाटलं नाही."

झुंदुईने सांगाडा हळूच खाली सोडला आणि तो पाहुण्यांकडे निघून गेला.

खांदजावला त्या क्षणी सगळं स्वच्छ दिसलं. पोराने आणखी एक दिवस भांडण लावून धरलं असतं तर तिने शिव्या घातल्या असत्या, चहा बंद केला असता, आणि शेवटी "पाड मेल्या तुझी भोकं" म्हणून मान फिरवली असती. त्याला हे ठाऊक होतं. तिच्याच पोटचा होता, तिला कसं वळवायचं ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आग त्याने लावली नव्हती. त्याने फक्त वाट पाहिली. आणि त्याचं ते वाट पाहणं झाकायला तिने आपल्या घराण्याची अब्रू आणून दिली, चारी कडा वळवून.

हे ती कुणाला सांगणार? दिराला सांगावं तर त्याने पत्रा घडवलेला. शेजारणींना सांगावं तर त्या म्हणणार, तूच ना गं भोकं पाडू दिली नाहीस.

बर्फ पडायच्या आधी बाद्राल निघाला. शब्द त्याने पाळला होता; जीप चालेनाशी झाली होती. टपालाच्या गाडीत जागा मिळाली. खांदजाव दुधाची बादली आणि पळी घेऊन बाहेर आली, कारण कुंपणापाशी सगळी वस्ती उभी होती आणि वाट सुखाची व्हावी म्हणून जाणाऱ्याच्या मागे दूध शिंपडलं नाही, असं या घरात झालेलं नव्हतं.

"आई, थंडीत काकाकडे राहा."

"त्याच्या घरात दारू आणि बाटल्या राहतात. मला जागा कुठे?"

"दादा म्हणतो, पुढच्या वर्षी तुलाही तिकीट पाठवू."

"कशाला? बर्फ बघायला?"

त्याने गाडीतून हात बाहेर काढला. तिचा हात धरायला असेल, नाहीतर नुसताच. तिच्या एका हातात बादली होती आणि दुसऱ्यात पळी, आणि दोन्हींपैकी काहीच तिने खाली ठेवलं नाही.

"दार लावून घे," ती म्हणाली. "दुधात धूळ येतेय."

त्याने दार लावलं.