आज्जीची साक्ष

टक.

झोळीतलं बाळ नुकतंच झोपलं होतं. शनिवारची दुपार गप्प पडली होती आणि तेवढ्या वेळात संजीवनी उद्याच्या संडे स्कूलसाठी पुठ्ठ्यावर स्केचपेननं बायबलच्या दहा आज्ञांमधली एक आज्ञा लिहीत बसली होती. 'खोटी साक्ष' इथवर आली, तोच मागच्या पडवीतून आवाज आला. टक. जरा थांबून पुन्हा टक.

हा आवाज ईस्टरपासून या घरात नव्हता.

तिनं मान वळवली. सासूबाई, सारजाबाई, काठी टेकत मोरीकडं निघाल्या होत्या.

"आत्या?"

सारजाबाई जागीच थांबल्या. काठी पदराआड घ्यायला गेल्या. ती कसली पदराआड मावते?

"हळू बोल. पोरगं उठंल."

"ही कुठनं आली?"

"पिंपामागं हुती. कुठनं येतीया."

ईस्टरला नवे पाळकसाहेब आले होते. पंचविशीतला पोरगा, आणि निमगाव केतकीचं हे पत्र्याचं चर्च त्याचं पहिलंच. सारजाबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यानं डोळ्यांत पाणी येईपर्यंत प्रार्थना केली. सारजाबाई उठल्या, चार पावलं चालल्या आणि साऱ्या मंडळीसमोर साक्ष देऊन बसल्या, की प्रभूनं माझा गुडघा बरा केला. टाळ्या झाल्या, गाणी झाली. ती साक्ष कानावर गेल्यावर बावड्याची दोन घरंही दर रविवारी यायला लागली.

"तवा खरंच बरं वाटलं हुतं गं," सारजाबाई उंबऱ्यावर टेकत म्हणाल्या. "दोन दिस. मग पुन्हा ठणकाय लागलं."

"मग सांगायचं की."

"कुणाला, त्या पोराला? माझी प्रार्थना देवानं ऐकली म्हणून आईला फोनवर सांगत हुता. माझ्या कानानं ऐकलंय मी."

"सूज बघा केवढी आलीय. सोमवारी बारामतीला दाखवून येऊ."

"आन यष्टीत कुणी भेटायचं न्हाय व्हय? कुठं निघालाय, तर गुडघा दाखवाय. झालं. तू तुझ्या आज्ञा लिव्ह."

सात वर्षांची सुवार्ता दारात येऊन उभी होती. तिनं काठीकडं पाहिलं, मग आईकडं.

"आज्जी, मम्मीला पण सांगितलंस?"

दुसऱ्या दिवशी चर्चमागच्या लिंबाखाली पोरं जमली. संजीवनीनं पुठ्ठा धरला.

"साक्ष म्हणजे काय?"

"चर्चमधी उभं राहून बोलत्यात ती," यशराज म्हणाला. "माझ्या पप्पांनी दिली की. तंबाखू सोडली म्हणून."

"तीनदा सोडली," प्रतिक्षा म्हणाली आणि पोरं फिदीफिदी हसली.

"ती साक्ष वेगळी," संजीवनी म्हणाली. "इथं म्हणजे कुणावर खोटा आळ घ्यायचा नाही."

"मग चर्चमधल्या साक्षीत खोटं चालतंय?" यशराजनं विचारलं.

"नाही चालत," असं ती म्हणाली खरी, पण तिची नजर सुवार्तेकडं गेली. पोर खाली मान घालून मातीत लिंबोळ्या पुरत होती. मागच्या रविवारी आईबापांचा मान राखायची आज्ञा झाली होती. आज्जी त्यात येते का, असं सुवार्तेनंच विचारलं होतं, आणि संजीवनी म्हणाली होती, येते तर.

उपासनेला लोणी भापकरचे पाहुणे आले होते. पाळकसाहेब हौसेनं म्हणाले, "सारजाबाई, तुमची साक्ष यांनाही ऐकू द्या."

"सांगितलीया की एकदा," सारजाबाई बसूनच म्हणाल्या. काठी सोडल्यापासून त्यांनी खुर्चीही सोडली होती. सगळ्यांसारख्या सतरंजीवर बसायच्या.

"बरं, मग नातीला विचारू. सुवार्ता, आज्जी घरी काठी घेते का गं?"

सुवार्तेनं आईकडं पाहिलं. संजीवनी बाळाच्या टोपऱ्याची गाठ बांधू लागली. ती मघाशीच बांधून झाली होती.

"न्हाय घेत," सुवार्ता म्हणाली.

आमेन झालं, टाळ्या झाल्या. सारजाबाईंचे हात मांडीवरच होते. मग एक हात त्यांनी जमिनीला टेकला, उठायला गेल्या, आणि तशाच अडकल्या.

"साहेब, माझी खुर्ची द्या."

पत्रा तेवढा कडकड वाजत होता.

"सलाम, मंडळी. लेकरू माझ्यापायी खोटं बोललं. काठी घेते मी. रोज घेते. दोन दिस देवानं खरंच बरं केलं हुतं, तेवढी साक्ष माझी खरी. फुडची न्हाय." त्या नातीकडं वळल्या. "सुवा, जा बाय. पिंपामागनं घिऊन ये."

खुर्ची पाळकसाहेबांनी स्वतः आणली. त्यांचे कान लाल झाले होते. सारजाबाईंना काखेत धरून त्यांनी खुर्चीत बसवलं आणि शेजारी उभे राहिले.

संजीवनी बाळाला कडेवर घेऊन लेकीबरोबर घरी गेली. येताना सुवार्तेनं काठी दोन्ही हातांनी आडवी धरली होती, जमिनीला लागू देत नव्हती.

"मम्मी, मी आज्जीचा मान राखला ना?"

"राखलास."

"आणि दुसरी आज्ञा मोडली?"

"खोटं बोललीस ते चुकलं बाळा. पण तुझ्या मनात काय होतं ते देवाला कळतं." वर्गात सांगावं तसं तिनं सांगितलं.

सुवार्ता थोडी चालली. चर्चचं दार दिसायला लागल्यावर थांबली.

"मम्मी, मी तुझ्याकडं बघितलं, तेव्हा तू टोपरं का बांधत होतीस?"