मास्तरांनी खिडक्या बदलल्या

मास्तर शाळेतले नव्हते, शिवणकामातले होते. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं कोट शिवायचं दुकान होतं. नजर अधू झाली, सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा त्यांनी ते बंद केलं. दुकान गेलं, पण नाव राहिलं. बायकोची मोठी बहीणसुद्धा त्यांना मास्तरच म्हणायची.

उन्हाळा संपता संपता ही बहीण, म्हणजे घरातल्यांची ताई, जिन्यावरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात दुसरं कुणी नाही. मास्तरांची बायको एका पिशवीत कपडे भरून तिच्याकडे गेली. अंतर फार नव्हतं, बसने तासाभराचं. "ताई हिंडाफिरायला लागली की येते," असं सांगून गेली होती. ताई आधी काठी टेकत हिंडायला लागली, मग काठी सोडून भाजी आणायला जाऊ लागली. बायको काही आली नाही.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"जेवलात का?"

"जेवेन आता."

"बरं."

एवढ्यावर फोन संपायचा. मास्तरांना त्यात काही कमी वाटत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात माणसं आणखी काय बोलणार, असं त्यांना वाटे. मुलगी लांब, तिच्या व्यापात. पण थंडी पडायला लागली, तिन्ही खोल्यांत आपल्याच सपातांचा आवाज ऐकून ऐकून त्यांना कंटाळा आला, आणि एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "कधी येतेस?"

 ती म्हणाली, "गारठा सुरू झाला ना. तुमच्या त्या घरात यंदा माझा निभाव लागायचा नाही."

मास्तरांनी ते शब्दशः घेतलं. कापड फाटलं तर ठिगळ लावायचं, घर गार पडलं तर खिडक्या बदलायच्या. त्यांच्या डोक्यात गोष्टी अशाच चालत.

आणि घर गार होतं हे खोटं नव्हतं. दुसरा मजला, खिडक्या सगळ्या उत्तरेला. लाकडी चौकटी वाळून आक्रसलेल्या, एकेरी काचा, त्यांच्या कडेला भरलेली लांबी सुकून गळून पडलेली. खिडक्या बंद असल्या तरी वाऱ्याने पडदे हलत. बायको फटींत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबायची. मास्तरांनी उरलेल्या कापडाच्या लांबोड्या वळकट्या शिवून, त्यांत वाळू भरून त्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या होत्या आणि त्या शिलाईचं त्यांना कौतुकही होतं. "खिडक्याच बदलू या ना," ती दर हिवाळ्यात म्हणे. "बघू," मास्तर म्हणत. 'बघू' हा त्यांचा आवडता शब्द. त्यात नाही म्हटल्याचं पाप लागत नाही आणि हो म्हटल्याची जबाबदारीही येत नाही.

या वेळी मात्र त्यांनी मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी मफलर गुंडाळून ते खिडक्यांच्या दुकानात गेले. दुकानाची मालकीण पन्नाशीची, केसांत पेन्सिल खोचलेली, बोलायला मोकळी होती. टेबलावर एक मोठा दिवा होता. त्याच्यापुढे तिने साध्या काचेचा तुकडा उभा केला.

"काका, अलीकडे हात धरा."

मास्तरांनी धरला. चांगलाच चटका बसला. मग तिने दुसरा, जाड तुकडा ठेवला आणि त्यांना पुन्हा हात धरायला लावला. या वेळी तळहाताला जेमतेम ऊब लागली.

"ही दुहेरी काच. दोन काचांच्या मधे गॅस कोंडलेला असतो, आणि आतल्या एका बाजूला लेप असतो, डोळ्यांना न दिसणारा. हिवाळ्यात घरातली ऊब घरातच राहते. तेवढी हीटरची वीज वाचते."

"लेप दिसत नाही, मग आहे हे कशावरून?"

बाईंना प्रश्न आवडला. त्यांनी काडी पेटवून काचेसमोर धरली. काचेत एकामागे एक ज्योती उमटल्या. "त्यातली एक जरा लालसर दिसते ना? तो लेप. कुणी साधीच काच माथी मारली तर सगळ्या ज्योती एकाच रंगाच्या दिसतात."

"म्हणजे कोटाला अस्तर असतं, तसं," मास्तर म्हणाले.

"अस्तरच म्हणा."

चौकटीचं पण लगेच ठरलं. ॲल्युमिनियमची दिसायला सडपातळ, पण तीच गार पडते. म्हणून आत पोकळ कप्पे असलेली प्लास्टिकची घ्यायची. सरकणाऱ्या खिडकीला फट राहते. बिजागरीची रबरावर घट्ट दाबून बसते, म्हणून बिजागरीची. आपण कामाला वाघ आहोत, असं मास्तरांना वाटायला लागलं होतं. तेवढ्यात बाईंनी केसांतली पेन्सिल काढली.

"आता मला सांगा. आत उघडणारी हवी की बाहेर? मूठ डाव्या हाताला की उजव्या? किती उंचीवर? स्वयंपाकघरात ओट्यावरून हात पोचतो का?"

मास्तर मफलरचं टोक चाचपू लागले.

"रोज खिडक्या उघडतं कोण?"

"बायको."

"मग त्यांनाच आणा की."

"ती बाहेरगावी असते सध्या."

"मग विचारून या. सावकाश. काका, खिडकी एकदा बसली की उसवून पुन्हा शिवता येत नाही."

मास्तर घरी आले आणि प्रत्येक खिडकीपुढे उभे राहिले. गावातल्या निम्म्या पुरुषांच्या खांद्यांची रुंदी त्यांना आजही तोंडपाठ होती. पण बायकोचा हात ओट्यावरून कुठवर पोचतो, ते त्यांना आठवेना. आठवेना म्हणजे विसरले होते असंही नाही. त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी फोन आला. "जेवलात का?" झालं. मग मास्तरांनी ताकाला जाऊन भांडं लपवायला सुरुवात केली. थंडीची चौकशी केली, ताईच्या पायाची केली. शेवटी म्हणाले, "अगं, ती ओट्यामागची खिडकी. ती तू कुठल्या हाताने उघडायचीस?"

"कुठली खिडकी?"

"स्वयंपाकघरातली."

"ती कुठे उघडते?" बायको म्हणाली. "मागे रंगकाम केलं ना, तेव्हापासून चिकटलीय. सांगितलं होतं तुम्हाला."

"मग वाफ, धूर?"

"दार उघडं टाकून करायचे सगळं."

फोन ठेवून मास्तर स्वयंपाकघरात गेले. खिडकीला हात लावला, ढकललं, मग खांदा लावला. खिडकी हलली नाही. कडीवर रंगाचे थर गोठून एकजीव झाले होते. याच घरात ते सकाळी जेवून दुकानात जात आणि संध्याकाळी येऊन पुन्हा जेवत. तिथेच ओट्याला टेकून ते बराच वेळ उभे राहिले.

पुढचे काही दिवस मास्तर फोनची वाट बघू लागले. रोज एक प्रश्न काढून ठेवायचा आणि तो आडून आडून विचारायचा. पण बायको त्यांना पुरती ओळखून होती.

"खिडक्या बदलताय का?" तिने एकदा सरळच विचारलं.

"बघू," सवयीने त्यांच्या तोंडून गेलं. मग ते म्हणाले, "हो. बदलतोय."

 त्यानंतर मात्र ती मोकळेपणाने सांगायला लागली. झोपायच्या खोलीतली खिडकी आत उघडणारी करा. बाहेरची काच पुसायला मी स्टुलावर चढून अर्धी बाहेर वाकायचे. एका हाताने चौकट धरायची आणि दुसऱ्याने फडकं फिरवायचं. जीव मुठीत असायचा. तुम्ही दुकानात असायचात. मूठ खाली घ्या, माझ्या खांद्याच्या वर नको. आणि पुढच्या खोलीत मधे आडवी पट्टी ठेवू नका.

"का बरं? पट्टी असली की मजबूत राहते."

"मी खुर्चीत बसले की ती बरोबर डोळ्यांसमोर येते. रस्ता बघायचा तर मान तरी उंच करावी लागते, नाहीतर खाली तरी वाकावं लागतं."

मास्तर तिच्या खुर्चीत जाऊन बसले. खरंच होतं. समोर पट्टी, तिच्या वर आभाळाचा तुकडा आणि खाली कट्टा. रस्ता दिसेना. या खुर्चीत बसायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती.

सगळं नक्की झालं. दुकानदार बाईंचा माणूस येऊन नीट मापं घेऊन गेला, आणि भर गारठ्यात दोन कारागीर खिडक्या बसवायला आले. जुन्या चौकटी तुकड्यांनी निघाल्या. ओट्यामागची तर पटाशी लावून फोडावी लागली. दिवसभर भिंतींना नुसती भगदाडं. मास्तर ओव्हरकोट घालून, कानटोपी चढवून शेगडीजवळ बसून राहिले. कारागिरांनी फटींत फुगून घट्ट होणारा फेस भरला, कडा बुजवल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळं बसवून, झाडून ते निघून गेले.

पडदे हलायचे थांबले. ऊब खोलीतच राहू लागली. हीटर बंद केला तरी मास्तरांना स्वेटर काढावासा वाटे. रस्त्याचा आवाजही गेला होता. खाली गाड्या जात होत्या, पण मुक्यासारख्या. इतकी शांतता की नळाची टोटी नीट पिळली नाही तर थेंबांची टपटप पुढच्या खोलीत ऐकू येई. हे सगळं आपण एकट्यासाठी केलेलं नाही, असं मास्तर मनाशी म्हणत. त्यांनी तिच्या अंथरुणाच्या चादरी धुवून वाळवल्या.

पुढच्या आठवड्यात ती आली, दुपारच्या बसने, ताईला घेऊन. दोघी जिना चढून येईपर्यंत मास्तर दार उघडं धरून उभे होते. ताई पुढच्या खोलीत टेकली. बायको मात्र चप्पल काढून सरळ आत गेली. ओट्यासमोर उभी राहिली, मूठ फिरवली. खिडकी अलगद आत आली. तिने ती मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. मग एकेका खोलीत जाऊन मुठीवर हात ठेवून पाहिला.

"उंची बरोबर घेतलीत," ती म्हणाली.

"तू सांगितलीस तशी."

"छान झालंय. खरंच छान झालंय."

पुढच्या खोलीत ती आपल्या खुर्चीत बसली आणि बाहेर पाहत राहिली. थोड्या वेळाने तिने स्वेटर काढला आणि मांडीवर घेतला. मास्तरांनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, जमलं.

चहा झाला. ताई अखंड बोलत होती, तिच्या शेजारणीचं, हाडाच्या डॉक्टरांचं. मग घड्याळाकडे बघत म्हणाली, "निघायला हवं गं." बायकोने स्वेटर पुन्हा अंगात चढवला.

मास्तर ताईला म्हणाले, "ती थांबणार आहे ना?"

ताईने बहिणीकडे पाहिलं आणि भांडी उचलून आत गेली. पाणी मोठं सोडल्याचा आवाज आला.

"अहो, बसा जरा," बायको म्हणाली. मास्तर बसले.

"मी रागावून गेलेले नाही. तुम्ही वाईट आहात असंही नाही. पण मला तिकडे बरं वाटतं."

"गारठ्याचं म्हणत होतीस."

"म्हणत होते. ते सांगायला सोपं होतं." स्वेटरची बटणं लावता लावता ती थांबली. "आम्ही दोघी दिवसभर काहीतरी बोलत असतो. भांडतो, पुन्हा बोलतो. इथे मी सकाळपासून रात्रीपर्यंत तोंड मिटून असायचे. तुम्ही आलात तरी तसंच. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं. तिकडे गेल्यावर कळलं, तसं नसतं."

मास्तरांना खूप बोलावंसं वाटलं. शब्द मात्र एकच सापडला. "खिडक्या..."

"त्या तुम्हालाही हव्याच होत्या," ती मऊपणाने म्हणाली. "बाहेरून बघून कुणी म्हणेल, किती हौशी माणूस राहतो इथे."

"मग मी तिकडे येऊ?"

तिने स्वेटरचं शेवटचं बटण लावलं. आत भांड्यांचा आवाज चालूच होता.

"राहायला नको," ती म्हणाली. "ताईचं घर केवढंसं. पण रविवारी या. जेवायला या. मला आवडेल."

मास्तर दोघींना बसपर्यंत सोडायला गेले. ताईला त्यांनी हात धरून चढवलं. बायको खिडकीशी बसली आणि तिने हात केला. बस वळल्यावरही मास्तर जरा वेळ तिथेच उभे होते, कारण घरी जायची घाई करण्यासारखं काही नव्हतं.

रविवारी ते गेले. ताईच्या स्वयंपाकघरात दोघी मटार सोलत बसल्या होत्या. आल्या आल्या ताईने त्यांच्या हातात एक वाडगं दिलं. "मास्तर, फुकट जेवण नाही इथे." त्यांनी सोलायला घेतलं. दोघी बोलत राहिल्या आणि ते ऐकत राहिले. या दोघींत आपला शब्द नेमका कुठे टाकायचा, ते त्यांना कळेना. शेवटी, काहीतरी बोलायचं म्हणून, त्यांनी दुकानदार बाईंची गोष्ट सांगितली. दिव्यापुढे हात कसा धरायला लावला, चटका कसा बसला, डावा की उजवा विचारल्यावर आपली बोबडी कशी वळली.

"म्हणजे फोनवर मला कुठला हात ते विचारलंत, ते त्यासाठी होय," बायको म्हणाली आणि हसली. मटाराचे दाणे तिच्या हातून सांडले. तिला असं हसताना मास्तरांनी बऱ्याच काळात पाहिलं नव्हतं. घरात कधी पाहिलं होतं का, ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि सोडून दिला.

जेवण झालं. दुपार थोडी लांबली. मग बसची वेळ झाली आणि ते निघाले.

घरी आले तेव्हा दिवस मावळत आला होता. सकाळी सोडून गेले होते तेवढंच उबदार घर होतं. मास्तरांनी कोट काढून खुंटीला लावला, बाही नीट केली आणि पुढच्या खोलीत येऊन बसले. समोरच्या फुटपाथवरून दोन बायका बोलत चालल्या होत्या, हातवारे करत. काय बोलतायत ते वर ऐकू येत नव्हतं. त्या कोपऱ्यावर दिसेनाशा होईपर्यंत मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले.