थोडं दुकानाकडे

"थोडं दुकानाकडे. अहो, दुकानाकडे म्हटलं मी. रस्त्याकडे काय निघालात?"

काका गिऱ्हाइकाच्या गाडीच्या डिकीत कुशीवर पडले होते. एक पाय बाहेर लोंबत होता आणि दुसरा कुठे दुमडला गेलाय, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. हातातली लांब सळई पत्र्याच्या आतल्या अंगाने जराशी सरकवून त्यांनी विचारलं, "आता?"

"आता बरोबर. दाबा. हळू."

आवाज काकूंचा होता आणि तो बाहेर स्टुलावर उभ्या केलेल्या मोबाईलमधून येत होता. मोबाईलचं तोंड गाडीच्या मागच्या अंगाकडे होतं. तिथे चाकाच्या वर मुठीएवढा पोचा होता, शेजाऱ्याची सायकल कलंडून पडलेला. समोरच्या खुर्चीला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बोर्ड टेकवलेला होता. त्या पट्ट्यांचं प्रतिबिंब गाडीच्या रंगात पडायचं. पत्रा सरळ असेल तिथे पट्टे सरळ, पोचा असेल तिथे वाकडे. आतून सळईने टाचणीच्या डोक्याएवढं दाबत जायचं आणि पट्टे सुतासारखे सरळ झाले की थांबायचं. पोच्यात लांबी-पुट्टी भरायची नाही, घासायचं नाही, रंगाचा डबा उघडायचा नाही. या एवढ्या गोष्टीवर काकांचं दुकान इतकी वर्षं चाललं होतं.

घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी. डिकीत शिरलेल्या माणसाला बाहेरचे पट्टे दिसत नाहीत. म्हणून लग्नानंतर थोड्याच दिवसांत काकू बोर्डापाशी उभ्या राहू लागल्या. पहिल्यापहिल्यांदा रोज भांडण व्हायचं, कारण त्यांचा उजवा तो आत पडलेल्या काकांचा डावा. शेवटी डावं-उजवं सोडूनच दिलं. एक बाजू दुकानाकडची, एक रस्त्याकडची. बाकी वर आणि खाली सगळ्यांना सारखंच.

मग मुलीला मुलगा झाला. "दोन-तीन महिने जाऊन येते," म्हणून काकू मुलीच्या शहरात गेल्या, त्याला आता दुसरं वर्ष सरत आलं होतं. मुलगी नोकरी करणारी, जावई फिरतीवर, बाळ आजीशिवाय घास घेत नव्हतं. काकांनी तोंडातून कधी ब्र काढला नाही. मुलीचा फोन आला की सांगायचे, "माझी नको काळजी करूस. एकट्याचं राज्य आहे." या राज्यात राजा रोज संध्याकाळी दोन अंडी उकडायचा, तव्यावर पाव शेकायचा आणि ताट घ्यायचा कंटाळा करून ओट्यापाशी उभ्याउभ्याच खायचा. बेत काय होता म्हणून विचारलं की मात्र "झकास होता" म्हणायचा.

मोबाईलची युक्ती काकूंचीच. अडलेलं काम आलं की काका फोन लावायचे. खरं सांगायचं तर हल्ली न अडलेल्या कामालाही लावायचे.

"आता खाली घ्या," काकू म्हणाल्या. "तिथं अजून एक पट्टा कमरेत वाकलाय. खाली, आणि जरा बाल्कनीकडे."

सळई थांबली.

"कुठली बाल्कनी?"

काकू हसल्या. "अगबाई. इथली हो, आमची. रस्त्याकडे म्हणायचं होतं मला."

काकाही हसले. पण "आमची" हा शब्द त्यांच्या कानात कुसळासारखा रुतून बसला. त्यांनी ते घर एकदाच पाहिलं होतं. बाल्कनी तिथल्या ओट्याच्या कोणत्या अंगाला होती, हे त्यांना काही केल्या आठवेना.

तेवढ्यात बाळ रडलं. "धरून ठेवा, आलेच," म्हणून काकू गेल्या. त्यांचा फोन ओट्यावर बरणीला टेकवलेला असायचा, तो तसाच चालू राहिला. काका सळई पत्र्याला टेकवून डिकीच्या अंधारात त्या घराचे आवाज ऐकत पडून राहिले. नळ सुरू झाला, बंद झाला. रडणं थांबलं. मग मुलीचा आवाज आला, अगदी जवळून.

"आई, मग मी हो सांगून टाकते हं ऑफिसात. नवी ड्यूटी दिवसभराची आहे, पण बाळ शाळेला लागेपर्यंत तू आहेसच ना."

"बाबांना विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं? मजेत आहेत ते. कालच म्हणाले, एकट्याचं राज्य आहे."

"हो," काकू म्हणाल्या. "मजेतच असतील. इतक्या दिवसांत एकदाही म्हणाले नाहीत, ये म्हणून."

त्यात तक्रार नव्हती. दूध नासलं हे सांगावं, तितक्या साध्या आवाजात त्या बोलल्या होत्या.

आपण तिच्यासाठी गप्प बसलो, असं काका इतके दिवस धरून चालले होते. ती तिकडे मोकळ्या मनाने राहावी, म्हणून. आणि ती तिकडे एका शब्दाची वाट बघत होती. या विचारात हाताला काही उमजलं नाही. सळईवर अख्खा खांदा पडला आणि बाहेर काच तडकावी तसा बारीक आवाज झाला.

पत्रा परत जागेवर आणता येतो. तडकलेला रंग येत नाही. काका आतच पडून राहिले.

"आले हो. दाबलंत की काय मी नसताना? थांबा, बघू." काकूंचा आवाज परत आला आणि मग एकदम हळू झाला. "अहो, हे काय?"

"तडकला."

"रंग?"

"हं."

"आपल्याकडे असं कधी झालं नाही."

"तू नव्हतीस इथं," काका म्हणाले.

त्यांना म्हणायचं होतं ते त्या दोन मिनिटांबद्दल. पण शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मागचा सगळा काळ घेऊनच पडला. डिकीत अंधार होता, समोर कुणाचा चेहरा नव्हता. एवढी सोयीची जागा पुन्हा मिळणार नव्हती.

"ऐक," ते म्हणाले. "मी मजेत नाही. तू गेल्यापासून एक दिवस मजेत नाही. मला करमत नाही गं. तू ये."

काकू म्हणाल्या, "आधी त्या डिकीतून बाहेर या. तोंड दाखवा."

काका कण्हत-कुंथत बाहेर आले, मोबाईल हातात घेऊन स्टुलावर बसले. काकूंनी पदराचं टोक नाकाला लावलं होतं. कडेवर बाळ होतं आणि ते काकूंच्या कानातलं ओढत होतं.

"हे आधी सांगायचं होतं," त्या म्हणाल्या.

"तू विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही मजेत आहे म्हणाला असतात."

हे अगदी खरं होतं.

"आता पोरीने दिवसभराच्या ड्यूटीला हो म्हणायचं ठरवलंय," काकू म्हणाल्या. "हा शाळेला लागेपर्यंत मला हलता येणार नाही हो."

"माहितेय. ऐकलं मी."

"ऐकलंत, तर मग बोलावलंत कशाला?"

"बोलवायचं राहिलं होतं," काका म्हणाले.

काकूंनी बाळाचा हात कानापासून सोडवला. बराच वेळ त्या काकांकडे बघत राहिल्या. एरवी "दाढी का वाढलीय" म्हणून ओरडल्या असत्या, आज तसं काही म्हणाल्या नाहीत.

"ठेवू मग फोन?" काकांनी विचारलं.

"कशाला ठेवायचा? असू दे तसाच. मी माझं उरकते, तुम्ही तुमचं उरका."

त्यांनी फोन परत बरणीला टेकवला. काकांनी आपला फोन आता गाडीकडे न वळवता दुकानाच्या आत, भिंतीजवळच्या फळीवर ठेवला आणि चार्जरला लावला. मग बोर्डाची खुर्ची जवळ ओढून, एकदा बाहेर येऊन बघत, एकदा आत शिरून दाबत, उरलेला पोचा एकट्यानेच काढायला लागले. मधे काकूंनी कूकर लावला, शिट्ट्या झाल्या. मधे काकांना खोकला आला तेव्हा तिकडून "पाणी प्या" एवढं आलं. बाकी कुणी कुणाशी बोललं नाही.

उन्हं उतरायला लागल्यावर गाडीच्या मालकीणबाई आल्या. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान त्यांचं. गाडी घेतल्यापासून तिला दुसऱ्या रंगाचा हात लागलेला नव्हता आणि लागू नये, म्हणून तर त्या काकांकडे आल्या होत्या.

"ताई, पोचा निघाला," काका म्हणाले. "पण माझ्या हातून रंग तडकला. एवढा भाग रंगवावाच लागेल. तो मी करून घेतो चांगल्या माणसाकडून, तुम्हाला काही बघावं लागणार नाही."

बाईंनी वाकून पाहिलं. पट्टे सरळ होते आणि त्यांच्या मधोमध केसाएवढी रेघ होती. "तुमच्या हातून?" त्या म्हणाल्या. "असं कसं झालं हो?"

"झालं खरं. चूक माझी."

बाईंनी रेघेवरून बोट फिरवलं. वाईट वाटलेलं त्यांनी लपवलं नाही. "बरं, राहू दे मग गाडी," म्हणून त्या वळल्या आणि त्यांचं लक्ष फळीवर गेलं. मोबाईलमध्ये एक बाई पाठमोरी उभी राहून काहीतरी चिरत होती. मालकीणबाईंचा आवाज आपोआप खाली आला.

"काका, तुमचा फोन चालू राहिलाय वाटतं."

"असू दे," काका म्हणाले. "ती घरात आहे."