बुडकुल्यातली वात

मानसिंगनं ते झाड आणलं तेव्हा मी पहिलं विचारलं, "ह्याला फळ काय येतं?" लेक लढाईवरनं तीन आठवड्यांच्या रजेवर आलेला, आसामच्या बाजूनं, सहा दिवस आगगाडीत उभा-बसता, आणि मी फळाची चौकशी करत होते. काय करणार, मी हरिपूरची. हळदीचं गाव. आमच्यात उगाच शोभेला कुणी काही लावत नाही.

"फळ न्हाई आये. माश्या खातंय."

तुपाच्या रिकाम्या डब्यात ओलं शेवाळ, शेवाळात वीतभर वेल. पानाच्या टोकातनं दोरा फुटून त्याला हिरवं-तांबूस बुडकुलं लोंबत होतं. बुडकुल्याला वर झाकण, आत बोटभर पाणी. आम्ही बघत असतानाच एक माशी कडेवर बसली, पाय घसरला, आत गेली. चारदा फडफडली. मग गप.

सून राही तोंडाला पदर लावून मागं सरली. लग्नाला तिच्या तेव्हा वर्षही झालं नव्हतं. शेजारची चांदबी मात्र डोळा लावून आत बघत म्हणाली, "आगं तानुबाई, हे तर पेवच की गं!"

म्हणाली आणि जीभ चावली.

पेव म्हणजे हळद साठवायचं तळघर म्हणा. जमिनीवर माणूस उतरेल एवढंच तोंड, खाली पोट खोलीएवढं, वीस-वीस फूट खोल. वर फरशी ठेवून मातीनं लिंपलं की हळदीला वर्षानुवर्षं कीड नाही. पण बंद पेवात हवा मरते. म्हणून पेव उघडलं की आधी दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा. तेवत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर कुणी उतरायचं नाही, व्यापारी वर कितीही नाचू दे. आमचं माणूस दहा वर्षं पेवं उघडत होतं. एकदा कंदील विझला, तर म्हणाले, "वाऱ्यानं इझला आसंल." आणि उतरले. वर दोर धरायला चांदबीचा नवरा रहिमान होता. त्यानं ओढून काढलं, पण काढलं ते मला दाखवायलाच. मानसिंग तेव्हा सात वर्षांचा.

त्यामुळं त्या झाडाशी माझं पहिल्या दिवसापासून नीट नव्हतं.

जाताना मानसिंग परत परत सांगत होता. "आये, ह्याला माती नगं, शेण नगं. हिरीचं पाणी तर अजाबात नगं. तिकडं दगडावर, नुसत्या पावसावर जगतंय. भुकं ठिवायचं ह्याला, कळलं का?"

"कळलं रं."

काय कळलं होतं! तो टांग्यात बसला तशी मी नदीकाठची मळीची माती आणली, वर्षभर कुजवलेलं शेणखत आणलं, आणि झाड त्यात लावून घागरभर विहिरीचं पाणी ओतलं. लेकानं रानातनं उचलून आणलेला जीव माझ्या दारात उपाशी राहतो म्हणजे काय? आमच्याकडे भिकारी उपाशी जात नाही. पंधरवड्यात पानांच्या कडा काळ्या पडल्या, बुडकुली कागदागत वाळली. मी म्हटलं, भूक पुरत नाही त्याची. अजून शेण घातलं.

चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात सरकारी कागद आला. वाचायला मी चाळिशीच्या तोंडाला शिकले, पोत्यांवरचे छाप आणि मानसिंगची पत्रं लावून लावून. त्यामुळं तो कागद मीच वाचला. दुसऱ्या कुणी वाचला असता तर एखादा शब्द मऊ करून सांगितला असता. बेपत्ता. मेला असं लिहिलेलं नव्हतं, आहे असंही नव्हतं.

त्याच दिवशी, भर पावसात, मी ते झाड उकरलं. तीन पानं उरली होती. त्याच्या तोंडचे शब्द एकेक आठवले. मुळांची माती पागोळ्यांखाली धुतली. संगमेश्वराच्या देवळातनं नारळाच्या शेंड्या गोळा केल्या, कुटल्या, तीनदा धुतल्या, त्यात कोळशाचे खडे मिसळले आणि झाड त्यात ठेवलं. न्हाणीच्या सावलीत जागा केली, भोवती ओलं पोतं. तीन रांजण पावसाच्या पाण्यानं भरून तोंडाला फडकी बांधली. त्या पाण्याला कुणी शिवायचं नाही. पावसाच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजते. पण मी डाळ कचकच खाल्ली आणि खायला घातली.

दिवाळीला पान फुटलं. संक्रांतीला पहिलं बुडकुलं धरलं. विहिरीवर चार बायकांसमोर मी म्हणून गेले, "झाड हाय तंवर माझा मानसिंग हाय."

राही शेजारीच घागर भरत होती. तिनं होय म्हणून मान हलवली.

लढाई संपली. कैदेतले लोक परतायला लागले. उंब्रजला एकजण आलाय कळल्यावर मी जाऊन आले. हाडांचा सापळा नुसता; त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, नाही. मी घरी येऊन झाडाला पाणी घातलं. आता पाच बुडकुली होती.

शेहेचाळीसच्या चैत्रात राहीचा भाऊ अर्जुना इस्लामपूरहून आला. पोरगा सरळ. चहा संपवून म्हणाला, "मावशी, राही एकवीस वर्साची हाय. जागा चांगली आलीया. तुमी व्हय म्हनला तर पाट लावून देतो."

"झाड बघितलंस का?"

"आता झाडाला इचारू व्हय?"

"व्हय. ते जगतंय तंवर ती हितंच."

शेजारी बसलेली चांदबी म्हणाली, "आरं, इचार की. तुझ्यापरास कमी बोलतंय."

अर्जुना हसला नाही. महिन्यानं येतो म्हणून गेला. राही आत भाकरी थापत होती. तिच्या थापण्याचा आवाज मधे थांबला होता, तो परत सुरू झाला.

त्यानंतर झाड खालावायला लागलं. पाण्यात बदल नाही, सावली तीच, पोतं ओलंच. तरी पानांच्या कडा तांबूस पडून आत सरकायला लागल्या. पाचाची चार बुडकुली झाली, चाराची दोन.

आणि पावलं उमटायला लागली.

मी दिवसभर वखारीत हळकुंडं निवडायला जायची. एकदा भर बाराच्या उन्हात घरी आले तर मागच्या दारापासनं न्हाणीपर्यंत ओली पावलं. झाडापाशी जाऊन थांबलेली. परतीची नाहीत. मी बघत होते तेवढ्यात टाचांकडनं वाळत गेली. दोन दिवसांनी पुन्हा. राही नदीवर धुणं घेऊन गेलेली असायची, घर रिकामं.

चांदबीला सांगितलं. ती नेहमीसारखी हसली नाही. "तान लागली आसंल गं त्येला. बारा वाजता येत्यात तसली."

"तसली म्हंजी?"

ती पदर सावरून घरी निघून गेली.

मी झाडाजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवायला लागले. वखारीत बसले की कान घराकडे. दारात आल्यावर आधी हळूच हाक मारायची, "मानसिंग, आलास व्हय रं?" आणि उत्तर येईल म्हणून उभी राहायची. भीती उत्तर येण्याची होती की न येण्याची, मला अजून सांगता येत नाही. उरलेली दोन्ही बुडकुली मागच्या दाराकडे तोंड करून लोंबत होती. मी डबा फिरवून ठेवला. आठ दिवसांत वेल पुन्हा तिकडं वळला. उजेड तिकडनं येतो, हे मला कळतं. तरी.

मग एका सकाळी झाडाखालच्या नारळाच्या शेंड्यांवर पांढरं दिसलं. मिठासारखी बारीक पूड. नखानं खरवडली, जिभेला लावली. आमच्या गावात घागर घासणाऱ्या कुठल्याही बाईला ती पूड ओळखू येते. पावसाच्या पाण्याचा डाग पडत नाही. ही पूड विहिरीच्या पाण्याची.

भूत पोहऱ्यानं पाणी शेंदत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वखारीत गेले नाही. कणगीमागं बसले. बाराच्या सुमाराला मागचं दार सरकलं. राही. पाय ओले, हातात लहान लोटी. झाडापाशी बसली आणि थोडं थोडं पाणी घालत राहिली, मूल झोपवावं इतक्या सावकाश. दुसऱ्या हातानं पान कुरवाळत होती. बसल्या जागी पाय वाळले तरी उठेना, म्हणून परतीची पावलं नसायची.

"जावा की वो आता," ती झाडाला म्हणाली. "लय झालं. मला बी जाऊ द्या."

मी कणगीमागं तोंडावर हात धरून बसले. रागानं की कशानं, कळायला मला अख्खी दुपार लागली. माझा मुलगा ती मारत होती. आणि मी तिला दोन वर्षं त्या बुडकुल्यात घालून वरनं झाकण धरून बसले होते.

जा बाई, म्हणता आलं असतं. पण चार बायकांत मी बोलून बसले होते. झाड मेल्यावर ती गेली तर गाव म्हणालं असतं, सुनेनं मारलं. गाव विसरलं तरी ती विसरली नसती. दुसऱ्याच्या घरात भाकरी थापताना तिचा हात असाच मधे थांबला असता.

अर्जुना आला तेव्हा एकच बुडकुलं उरलं होतं. मी चांदबीला बोलावलं, राहीला समोर उभं केलं. दुपारचं ऊन अंगणात पांढरं झालं होतं.

"आपल्या घरात कंदील सोडल्याबिगर कुनी काय ठरवत न्हाई," मी म्हटलं. "ह्यात वात सोडते. तेवली तर मानसिंग हाय, राही हितं ऱ्हाईल. इझली तर तिला न्यायची. मागनं कुनी शब्द काढायचा न्हाई."

राहीचा चेहरा पांढराफटक. अर्जुना म्हणाला, "ह्ये काय मावशी, पोरखेळ..."

"गप ऱ्हा. तिच्या सासऱ्यानं कंदिलाचं ऐकलं न्हाई, तवा काय झालं ते इचार हिला." चांदबीनं मान खाली घातली.

बुडकुल्यात पाणी असतं, हे मला ठाऊक होतं. वर्षाच्या वर मी त्यात डोकावत आले होते. वात पाण्याला टेकणार आणि चर्र होऊन विझणार. देवाला कौल लावताना असली लबाडी केली नसती. हा कौल झाडाला होता.

बोटाएवढी वात तेलात भिजवली, तांब्याच्या तारेला बांधली, पेटवली. डाव्या तळहातात बुडकुलं धरलं, पदराचा आडोसा केला, झाकण वर सारून वात आत सोडली.

चर्र झालं नाही.

तळहाताला ऊब लागली. बोटांच्या फटीतनं तांबडं दिसायला लागलं, दिव्यापुढं हात धरल्यावर दिसतं तसं. बुडकुलं आतनं कोरडं पडलं होतं. विहिरीच्या पाण्यानं त्याचं पाणी धरायचं बळच गेलं होतं, आणि मी नेमकं त्याच दिवशी आत बघितलं नव्हतं. वात तेवत होती. न फडफडता, सरळ. माझ्या हातात, आत, खाली.

मी किती वेळ बघितलं कोण जाणे. त्या तांबड्या उजेडात मला कुणी दिसलं असं मी म्हणणार नाही.

मूठ आवळली. कातडी भाजल्याचा वास आला.

"इझली," मी म्हटलं.

अर्जुना पुढं वाकला. "नीट बघितलं का?"

"पेवं उघडनाऱ्याची बायकू हाय मी. मला शिकवू नगंस."

राही माझ्याकडे बघत होती. मग ती खाली बसली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवून मोठ्यानं रडली. कागद आला त्या दिवशी सुद्धा अशी रडली नव्हती. जाताना तिनं मागच्या दाराकडे एकदा बघितलं. मी तिच्या ओटीत तांदूळ-नारळ घातलं आणि मूठ पदराखाली लपवली.

टांगा गेल्यावर चांदबी हळद आणि तेल घेऊन आली. "हात दाव." मी मूठ उघडली. तळव्यावर फोड, फोडाला चिकटलेलं बुडकुल्याचं साल, आणि काळी वात. तिनं ते सगळं नीट सोडवलं, हळद भरली. वर चिंधी बांधली. मग खाली बघतच म्हणाली, "वाऱ्यानं इझली आसंल. व्हय न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं. वारा नव्हताच.

राहीला आता मुलगी आहे. बरं चाललं आहे. मी झाडाच्या शेंड्या बदलल्या, मुळं पुन्हा धुतली, नवे रांजण भरले. दोन पावसाळे गेले. मानसिंगचं काही कळलं नाही. दुपारी बारा वाजता मी आता घरीच असते. पावलं उमटत नाहीत, तरी तांब्या भरून ठेवते.

गेल्या आठवड्यात नव्या पानाच्या टोकाला बुडकुलं धरलं आहे. अंगठ्याएवढं, झाकण अजून घट्ट मिटलेलं. ते उघडलं की आत पाणी आहे का, ते मी वात सोडायच्या आधी बघणार आहे.