पटरची झिजलेली बाजू

पिंजौरच्या भंगारवाल्याने ती वस्तू म्हातारपणाची काठी म्हणून विकली. "लै जाओ जी, बुजुर्गां दे कम्म आऊगी," म्हणत त्याने ती पंख्यांच्या पात्यांखालून ओढून काढली. साइटवरून परतताना सुबोध तिथे एका जुन्या नळासाठी थांबला होता. काठीच्या टोकाला मातीच्या थराखाली पितळ लुकलुकलं तेव्हा त्याला कळलं, की हा गोल्फचा पटर आहे, चेंडू अलगद ढकलून खळग्यात घालायचा.

सुबोध उभ्या जन्मात गोल्फ खेळला नव्हता. चंदीगडला बदली झाल्यापासून कुंपणाआडची हिरवळ आणि तिच्यावरची संथ माणसं त्याने गाडीच्या खिडकीतून तेवढी पाहिली होती, आणि दर वेळी त्याला उगाच शांत वाटलं होतं. पैसे द्यायला उजवा हात मोकळा सापडला, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की पटर आपण डाव्या हातात धरलाय.

सुबोध जन्माचा डावखुरा. लहानपणी कराडला जेवायला बसलं, की आई त्याचा डावा हात पंच्याने कमरेशी बांधून ठेवायची. वर्षभरात तो उजवा झाला. आता तीच आई, रत्नप्रभाबाई, हिवाळ्यापुरती त्यांच्या झिरकपूरच्या फ्लॅटवर आली होती, आणि पहिलीतली नात क्षितिजा डावखुरी निघाली होती.

"त्या हाताने नाही गं, बाळा," असं म्हणून आजी प्रत्येक घास या हातातून त्या हातात द्यायची. आवाज गोड, पकड पक्की. पोर अर्ध्या पोळीवर उठू लागली. आठवडाभर तिने रंगपेटीही उघडली नव्हती.

"तू बोलणार आहेस की मी बोलू?" मधुरिमाने नवऱ्याला दोनदा विचारून झालं. सुबोधने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. साइटवर तीन-तीन ठेकेदारांना एका दमात झापणारा हा गृहस्थ आईसमोर सात वर्षांचा व्हायचा. आता अशा माणसाला काय म्हणावं! बोलायचं टाळायला त्याला पटर बरा सापडला.

रविवारी धुकं उशिरा विरलं आणि बाल्कनीत कोवळं ऊन आलं. सुबोधने मुठीवरचं कुजकं चामडं सोलून काढलं. दांड्याचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासला. मागवलेली नवी रबरी मूठ आतून थिनरने ओली करून चढवली. तिच्यासोबत त्याने दोन चेंडूही मागवले होते, का ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

"पितळ आहे ना? मग आण इकडे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. त्यांनी वाटीत चिंच कोळली, मीठ घातलं आणि देवाची भांडी घासावीत तसा त्या पटर घासू लागल्या. काळं पाणी ओघळलं आणि आतून पिवळा उजेड वर आला.

"सुबोध, हे दोन्हीकडून सारखंच घडवलंय ना रे? मग एकच बाजू का झिजली?"

सुबोधने पाहिलं. या पटरने कुठल्याही बाजूने चेंडू मारता येत होता. एक बाजू कोरी होती, दुसरीवर अंगठ्याएवढा खोलगट ठसा होता. त्याने पटर जमिनीला टेकवून पाहिला. दांडा एका टोकाला जोडलेला असल्याने झिजलेली बाजू चेंडूकडे यायला डावखुऱ्यासारखंच उभं राहावं लागत होतं.

"ज्याचा हा होता, तो डावखुरा होता, आई."

"आणि त्याला कुणी अडवलं नाही?"

"नसेल अडवलं."

रत्नप्रभाबाई त्या ठशावरून अंगठा फिरवत राहिल्या. सुबोध खुर्चीत रेलला. उन्हाने डोळे जड झाले. त्याला पहाटेची दंवाने पांढरी झालेली हिरवळ दिसली. कुणी एक माणूस पाठमोरा उभा होता. त्याचा चेंडू दंवातून हिरवी रेघ ओढत चालला होता आणि रेघ संपत नव्हती. त्या माणसाला कसलीही घाई नव्हती. सुबोधला त्याचा हेवा वाटला.

टण्ण!

त्याने डोळे उघडले. आत सतरंजीवर स्टीलचा पेला आडवा ठेवलेला होता, आणि चेंडू पेल्यात होता. पदर कमरेला खोचून रत्नप्रभाबाई पटर घेऊन उभ्या होत्या. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, तरी झिजलेलीच बाजू चेंडूकडे होती.

"आजी, आप भी लेफ्टी हो?" क्षितिजा डोळे विस्फारून म्हणाली.

रत्नप्रभाबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. डाव्या मनगटावर एक पांढुरका डाग होता. चुलीवर भाजलं, असंच सुबोधने आजवर ऐकलं होतं.

"सांडशी तापवून लावली होती माझ्या आईने," शेजारणीची गोष्ट सांगावी तशा त्या म्हणाल्या. "हिच्याएवढी होते मी."

आता बोललो नाही, तर कधीच बोलणार नाही, हे सुबोधला कळलं.

"आई, क्षितिजाला राहू दे तशी. मला फार त्रास झाला होता गं."

त्या खाली बसल्या. पटर मांडीवर आडवा होता.

"तुझा हात पंच्याने बांधताना," त्या हळूच म्हणाल्या, "मला वाटायचं, मी किती मायाळू."

दुपारी जेवायला बसल्यावर आजीने तिळाच्या वड्यांचा डबा उघडला. क्षितिजाने सवयीने घाबरत उजवा हात पुढे केला. आजी वडी हातात धरून थांबली.

"तो दुसरा कुठे गेला?"

मधुरिमा वाढता वाढता थबकली. टेबलाखालून डावा हात हळूहळू वर आला. आजीने त्यावर वडी ठेवली, आणि वर आणखी एक ठेवली.

मग तिसरी वडी घेऊन ती सुबोधकडे वळली.

"आणि तुझा रे?"