आकाशकापसाची वेचणी

घाटंजीजवळच्या त्या अंगणात रविवारी एकशे चार माणसं, नऊ रिकामी पोती, एक वजनकाटा आणि बाजेवर अठ्ठ्याहत्तर वर्षांची हंसाबाई होती. ती हवेतून कापूस वेचत होती. चिमटीत धरायची, ओढायची, ओटीत टाकायची. दहा मिनिटांत सत्तेचाळीस वेळा. तिची नात प्रियंका मोजत होती. यवतमाळला बी.एस्सी. झालेल्या या पोरीला मोजल्याशिवाय चैन पडत नसे.

"आकाशकापूस हाय हा!" पोतं पसरून रामलाल ओरडला. महिन्यापूर्वीपर्यंत तो लग्नात भोंगे लावायचा. आता हंसाबाईचा पुजारी झाला होता. "दिसत नाही, म्हनून भिजत नाही. दिसत नाही, म्हनून बोंडअळीले सापडत नाही! नारळ इकडं, दक्षिना तिकडं!"

गावातल्या धावजीनं आपलं पोतं काट्यावर ठेवलं. "माह्यं कमी भरलं ना राजा."

"ओलावा कापला," रामलाल गंभीरपणे म्हणाला.

आजीचे ओठ कोरडे पडून फाटले होते. प्रियंका पेला घेऊन पुढे झाली.

"तू कोनाची वं?" आजीनं विचारलं. प्रियंकानं पेला तिच्या ओठांशी नेला.

"पानी नको!" रामलालनं पेला अडवला. "कापूस भिजीन!"

"काका, तो भिजत नाही ना?"

"बाहेरून नाही. आतून भिजते."

लोक हसले, पण पोती कुणी हटवली नाहीत. प्रियंकानं आजीला पाणी पाजलं आणि बापाला बाजूला घेतलं. "बाबा, आजी कोणत्या गोळ्या घेते?"

"सगळ्याच," रवी म्हणाला. "चार डॉक्टर झाले."

"एकाच्या गोळ्या दुसऱ्याला दाखवल्या?"

"कायले दाखवू? राग येते ना त्यायले! लपवूनच जातो मी."

प्रियंकानं डब्यातल्या, उशीखालच्या, देवळीतल्या गोळ्या पिशवीत भरल्या आणि आजीला ऑटोत घातलं. कापूस रस्त्यात सांडू नये म्हणून रामलालही पोतं धरून सोबत बसला.

यवतमाळच्या डॉक्टर मंजुषांनी आजीला तपासलं, मग पाकिटं ओळीनं मांडली.

"गुडघ्याच्या गोळीनं रक्तदाब वाढला. रक्तदाबाच्या गोळीनं पाय सुजले. सुजेसाठी लघवीची गोळी आली. सारखी लघवी होते म्हणून ती थांबवायची गोळी, झोप मोडते म्हणून झोपेची. या वयात शेवटच्या दोन्ही मेंदूला गोंधळात टाकतात. तोंड कोरडं पडतं, नसलेलं दिसतं. मग हात जन्मभराचं काम करू लागतात. यांनी कापूसच वेचला ना?"

"साठ वर्षं," रवी पुटपुटला.

"मंग या पोत्यात काय हाय?" रामलालनं विचारलं.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "काही नाही."

मग त्या रवीकडे वळल्या. "डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. राग आला तर येऊ द्या. मात्र मनानं एकही बंद करू नका. झोपेची तर हळूहळूच सोडवावी लागते. चमत्कार दिसला की नारळ नंतर फोडा, आधी पिशवी उघडा."

डॉक्टरांनी लघवी थांबवायची गोळी बंद केली, झोपेची कमी करत आणली आणि बाराव्या दिवशी आजी बाजेवर उठून बसली.

"पियंके, पानी दे वं. आन् हे पोते कोनाचे पडले अंगनात?"

ती दोन पेले पाणी प्याली. प्रियंका घड्याळ घेऊन समोर बसली. दहा मिनिटांत वेचण्या: शून्य.